हॉर्न स्पीकरच्या मध्ये कुठला सेंटर? खरेदीच्या आधीपासून सुताराला बोलावण्यापर्यंत

पुढचे दोन स्पीकर हॉर्नचे, म्हणजे आवाज कर्ण्यातून बाहेर टाकणारे. गाणी लावली की घर दणाणतं. मग सिनेमातल्या संवादांसाठी मध्ये एक सेंटर स्पीकर येतो आणि पात्रं पत्र्याच्या डब्यात बसून बोलायला लागतात. मोटरसायकल डावीकडून उजवीकडे जाते, पण मध्यावर आली की तिचं इंजिनच बदलतं. ओळखीतल्या ज्या ज्या घरी असे स्पीकर आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी मी हे ऐकलंय. सुरुवातीला माझ्या घरीही हेच होतं.

बिघडतं ते क्रमामुळे. आधी सुतार टीव्ही युनिट करतो. मग त्याच्या खणात मावेल तो सेंटर आणला जातो. शेवटी रिसीव्हरचा (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या डब्याचा) मोजणीचा माइक सोफ्यावर ठेवायचा, 'तो करेल ॲडजस्ट' म्हणायचं. मी ६० सेंमी रुंदीचा खण करून घेतला आणि पसंत पडलेला सेंटर निघाला ७५ सेंमीचा. त्या खणात आता रद्दी असते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. आवाजाची पातळी रिसीव्हर जुळवतो. टोनही बऱ्यापैकी जुळवतो. पण स्पीकरमधून निघालेला आवाज खोलीत कसा पसरतो, हे कुठलंही सॉफ्टवेअर बदलू शकत नाही. साधारण ९० अंशांचा हॉर्न आवाज समोरच्या पाचरीत टाकतो, बाजूच्या भिंतींना कमी लागू देतो. साधा घुमटाचा ट्वीटर (वरचा, तीक्ष्ण आवाज काढणारा छोटा भाग) चहूकडे उधळतो. कानापाशी दोघांचा आलेख तंतोतंत सारखा केला, तरी भिंतींवरून परत येणारा आवाज वेगळाच राहतो. मन तो फरक लगेच पकडतं. म्हणून सेंटर निवडताना पहिला प्रश्न 'किती डेसिबल' हा नाही, 'पसरतो कसा' हा आहे.

## १. आपले स्पीकर कुठल्या जातीचे ते ओळखा

जाळी काढा आणि समोरून बघा. 'माझे हॉर्नचे आहेत' एवढ्याने भागत नाही.

पहिली जात खालपासून वरपर्यंत हॉर्न असलेली. क्लिप्श कंपनीचे क्लिप्शहॉर्न आणि ला स्काला यात येतात. बासचा मोठा शंकू, म्हणजे वूफर, तोसुद्धा लाकडी घडीच्या हॉर्नमागे असतो. कंपनी यांची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटमध्ये १ मीटरवर मिळणारा आवाज, १०५ डेसिबल सांगते.

दुसऱ्या जातीत वूफर उघडा, पण मधला आणि वरचा आवाज हॉर्नमधून येतो. त्याच कंपनीचे हेरेसी, फोर्टे आणि कॉर्नवॉल असे आहेत. आकडे ९९ ते १०२ डेसिबल.

तिसऱ्या जातीत फक्त ट्वीटर हॉर्नमध्ये किंवा उथळ कर्ण्यात, म्हणजे वेव्हगाइडमध्ये असतो, बाकी सगळं नेहमीच्या स्पीकरसारखं. क्लिप्शची रेफरन्स प्रीमियर मालिका, जेबीएलचे बरेच घरगुती स्पीकर यात मोडतात. उदाहरणार्थ क्लिप्शचा आरपी-६००एम: ९६ डेसिबल, आणि ट्वीटर साधारण १५०० हर्ट्झपासून पुढचं काम घेतो.

हे कशासाठी बघायचं? बोलण्याचा पाया १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो, पण शब्द कळतात ते प्रामुख्याने १००० ते ४००० हर्ट्झमध्ये. तिसऱ्या जातीत यातला बराच भाग ट्वीटरच्या हॉर्नमधून येतो, त्यामुळे त्याच मालिकेतला सेंटर घेतला की अर्धं काम झालं. पहिल्या दोन जातींत त्याच्या खालचा गळासुद्धा हॉर्नमधून येतो. तिथे फक्त ट्वीटरपुरता हॉर्न असलेला सेंटर मध्ये ठेवला, तर धार जुळते पण छाती जुळत नाही. भारदस्त खलनायक मध्ये आला की दोन इंचांनी बुटका होतो.

तपासणी: मॉडेलचं नाव, कंपनीने दिलेली संवेदनशीलता, क्रॉसओव्हरचे आकडे (कुठल्या हर्ट्झला एक भाग थांबून दुसरा सुरू होतो) आणि हॉर्नचा आडवा-उभा फैलाव कागदावर लिहा. फैलाव मिळाला नाही तर हॉर्नच्या तोंडाचा आकार लिहा, चौकोनी की आडवा लांबट. पुढे लागणार आहे.

## २. सेंटर लागतोच का, हे आधी बघा

दुकानदार हे सांगणार नाही. रिसीव्हरच्या मेनूत जाऊन सेंटर 'नाही' असं करा. मधला आवाज आता दोन्ही बाजूंना समसमान वाटला जाईल.

मग दोन्ही स्पीकर आत वळवा. नेहमीपेक्षा जास्त. इतके की त्यांच्या सरळ रेषा तुमच्या डोक्यामागे नाही, तर डोक्याच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतील. नियंत्रित फैलावाच्या हॉर्नमध्ये याचा एक फायदा मिळतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याला डावा स्पीकर जवळ पडतो, पण तो त्याच्या तोंडासमोरून तिरका जात असल्याने हळू ऐकू येतो. उजवा लांब असूनही सरळ त्याच्याकडे बघत असतो. त्यामुळे संवाद टोकाला बसूनही मध्याजवळ राहतात. घुमटाच्या ट्वीटरला हे इतकं जमत नाही.

आठवडाभर असंच बघा. घरात बघणारे एक-दोघेच असतील आणि दोन स्पीकरमधलं अंतर अडीच मीटरच्या आत असेल, तर बऱ्याच जणांचं इथेच समाधान होतं. वाईट सेंटरपेक्षा सेंटर नसलेला बरा, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

सावधान: क्लिप्शहॉर्न कोपऱ्यासाठीच बनवलेले आहेत, ते फारसे वळवता येत नाहीत आणि त्यांच्यातलं अंतर खोलीच ठरवते. रुंद खोलीत मध्ये पोकळी जाणवते, तिथे सेंटर हवाच. हेरेसी १९५७ साली निघाला तो मुळात याच कामासाठी, दोन क्लिप्शहॉर्नच्या मधला तिसरा म्हणून.

## ३. कानाला नमुना द्या

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. पैसे लागत नाहीत, फक्त एक रविवार आणि वजन उचलायला दुसरा माणूस लागतो.

घरातल्या कोणाचा तरी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर, दोन मिनिटं. मी आईला कालनिर्णयच्या मागची पाककृती वाचायला लावली. 'चकलीची भाजणी' म्हणताना तिचा 'च' कसा येतो, हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. सिनेमातल्या नटाचा खरा आवाज तुम्ही ऐकलेला नसतो. घरच्या माणसाचा आवाज मात्र किंचित बदलला तरी कान लगेच सांगतो.

आता उजव्या स्पीकरची वायर काढा, डावा स्पीकर उचलून टीव्हीच्या समोर मधोमध ठेवा, आणि ते रेकॉर्डिंग ऐका. टीव्ही झाकला गेला तरी चालेल. सोफ्याच्या मध्ये बसून ऐका, मग टोकाला. हा तुमचा आदर्श सेंटर. यापेक्षा चांगला कुठल्याही दुकानात मिळणार नाही. बाकी प्रत्येक उमेदवाराला याच्याशी ताडून बघायचं.

तपासणी: इथेच आवाज डब्यासारखा वाटला, तर दोष स्पीकरचा नाही. समोरची उघडी फरशी, काचेचं टेबल, पडदे नसलेली खिडकी. गालिचा टाकून पुन्हा ऐका. सेंटर बदलून हा डबा जाणार नाही.

## ४. जागा मोजा, आणि कानाची उंचीही

टेप घ्या. सोफ्यावर नेहमीसारखं, म्हणजे रेलून बसा आणि कानाची उंची मोजून घ्या. साधारण ९५ सेंमी भरते. मग टीव्हीची खालची कड, टीव्हीखालच्या जागेची रुंदी, उंची आणि खोली, आणि सोफ्यापासूनचं अंतर मोजा.

बहुतेक फ्लॅटमध्ये टीव्ही भिंतीला लटकवलेला आणि खाली बुटकं युनिट असतं. टीव्हीची खालची कड ७० सेंमीवर असेल, तर खाली उभा हेरेसी मावतो. तो साधारण ४० सेंमी रुंद आणि ६० सेंमीहून थोडा जास्त उंच आहे, आणि त्याचं तिरकं बूड त्याचं तोंड आपोआप वर करतं. युनिट काढावं लागेल. ज्यांची पुढची जोडी दुसऱ्या जातीतली आहे, त्यांनी युनिटच्या मायेत अडकू नये.

प्रोजेक्टर असेल तर प्रश्नच मिटतो. आवाज आरपार जाऊ देणारा पडदा घ्या आणि मागे तिन्ही स्पीकर एकसारखे, एकाच उंचीवर.

सावधान: या टप्प्यावर सुताराला फोन करू नका.

## ५. निवड: याच क्रमाने चाळणी लावा

पहिली पसंती, पुढच्या जोडीसारखाच तिसरा स्पीकर, उभा. दुसरी पसंती, त्याच मालिकेतला लहान उभा स्पीकर, ज्यात ट्वीटरचा आणि शक्य तर मधला हॉर्न तोच किंवा त्याच घराण्यातला आहे. तिसरी, त्याच मालिकेतला आडवा सेंटर. चौथी, दुसऱ्या कंपनीचा पण तशाच फैलावाचा हॉर्न असलेला. घुमटाच्या ट्वीटरचा सेंटर मी यादीतच धरत नाही, मग तो कितीही महाग असो.

लहान स्पीकर बहुतेक जोडीनेच विकतात, एक देत नाहीत. दोन घ्या, दुसरा मागच्या बाजूला लावा, किंवा अशाच शोधात असलेला कोणी गाठून जोडी वाटून घ्या. जुन्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी, एकटा पडलेला स्पीकर कधी कधी हाती लागतो. घेताना शंकूच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबा. फोमची पट्टी आपल्या दमट हवेत वर्षांनी भुगा होते, कापडाची टिकते. आणि तुमच्या जोडीच्याच पिढीचा बघा. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपन्या आतला हॉर्न बदलतात.

### आडव्या सेंटरमधला सापळा

मध्ये ट्वीटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर, ही रचना दिसायला सुबक आहे. पण दोन वूफर एकच आवाज काढत असतील, तर तुम्ही मध्यावरून सरकलात की एक जवळ आणि एक लांब होतो. अंतरातला फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की दोघे एकमेकांना खाऊन टाकतात.

आकडे मांडून बघू. दोन वूफरच्या मध्यबिंदूंत ३५ सेंमी अंतर आहे. ट्वीटर सुरू होण्याच्या थोडं आधी, १५०० हर्ट्झवर तरंगलांबी साधारण २३ सेंमी. तिच्या निम्म्याएवढा फरक १९ अंशांवर पडतो. तुम्ही ३ मीटरवर बसला असाल, तर ही जागा मध्यापासून साधारण एक मीटरवर येते. म्हणजे सोफ्यावर दुसरा माणूस बसतो तिथे. तुम्ही मध्ये बसून 'किती स्वच्छ' म्हणता, आणि शेजारी बसलेली मावशी विचारते, 'काय म्हणाला तो?' तिचे कान ठीक आहेत. तिच्या जागेवर शब्दच पोचत नाहीयेत.

यातून सुटका तीन प्रकारे होते. एक, असा सेंटर निवडा ज्यात मधला ड्रायव्हर (मधला आवाज काढणारा भाग) आणि ट्वीटर एकावर एक उभे आहेत आणि वूफर फक्त खालचं काम करतात. दोन, असा ज्यात एक वूफर लवकर थांबतो आणि वरपर्यंत दुसराच जातो. तीन, जागा असेल तर आडवा सेंटर सरळ उभा करा. दिसतो विचित्र, वाजतो चांगला.

सावधान: याचं उलटं करू नका. उभा स्पीकर आडवा पाडला की तोच सापळा तयार होतो, शिवाय हॉर्नही आडवा होतो. बऱ्याच हॉर्नचा फैलाव आडवा ९० अंश आणि उभा ४० अंशांचा असतो. कुशीवर टाकला की ९० अंश छत आणि फरशीला, ४० अंश सोफ्याला. तोंड चौकोनी असेल तर हॉर्नपुरतं नुकसान कमी, पण वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी येतातच.

### मग डेसिबल

संवेदनशीलता आता बघा, आधी नाही. मोकळ्या हवेत १ मीटरवरचा आवाज ३ मीटरवर साडेनऊ डेसिबलने उतरतो. सिनेमाच्या प्रमाण पातळीत एका चॅनेलचं शिखर १०५ डेसिबल धरलेलं असतं. तिथपर्यंत जायला ९९ डेसिबलच्या सेंटरला सुमारे ३५ वॅट लागतात, ९० डेसिबलच्याला २८० च्या आसपास. घरात इतक्या मोठ्याने कोणी ऐकत नाही. दहा डेसिबल खाली ऐकलंत तर हेच आकडे साडेतीन आणि २८ होतात. म्हणजे आठपटीचं गुणोत्तर तसंच, पण झेपण्यासारखं.

माझा ठोकताळा असा: पुढच्या जोडीपेक्षा सेंटर ६-७ डेसिबलपर्यंत कमी असला तर निभतो. दहाच्या पुढे गेला की मोठ्या प्रसंगात बाजूचे दोघे निवांत असतात आणि मधला धापा टाकतो. कंपन्यांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांत एक-दोन डेसिबलवरून भांडू नका.

## ६. घरी आणून सरकत ऐका

शोरूममध्ये ऐकलेलं विसरा. परत देण्याची मुदत लिहून घ्या आणि घरी आणा. कोणाकडून दोन दिवस उसना मिळाला तर उत्तम.

सेंटर तात्पुरता स्टुलावर, कानाच्या शक्य तितक्या जवळच्या उंचीवर ठेवा. रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा प्रोलॉजिकसारखा मोड लावा, म्हणजे ते मोनो (डावी-उजवीकडे एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग सेंटरमध्येच जाईल. तिसऱ्या पायरीत ऐकलेला आवाज आठवा. त्यानंतर तीन कसोट्या.

पहिली, घरचा आवाज. बोलणारी व्यक्ती समोर बसल्यासारखी वाटते का, की फोनवर?

दुसरी, पिंक नॉइज. रिसीव्हरच्या पातळीच्या मेनूत टेस्ट टोन असतो, धबधब्यासारखा. तो डावा, मध्य, उजवा असा फिरवा. तिन्हीकडे एकाच धबधब्याचं पाणी पडलं पाहिजे. सेंटरवर आल्यावर 'श्श' चं 'हॉ' झालं, तर मधला भाग जुळत नाहीये. जरा तेजस्वी किंवा मंद एवढाच फरक असेल तर तो पुढे सुधारता येतो. 'हॉ' सुधारत नाही.

तिसरी कसोटी मला सगळ्यात प्रिय. पिंक नॉइज फक्त सेंटरवर ठेवा आणि सोफ्याच्या मध्यापासून टोकापर्यंत बसल्या बसल्या हळूहळू सरका. आवाज मध्येच पोकळ होऊन पुन्हा भरला, तर तो वर सांगितलेला सापळा. एकसारखा हलका होत गेला तर ठीक. घरचे हसतील, हसू देत. माझ्या मुलीने याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय.

तपासणी: काहीही न वाजवता आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि हॉर्नपासून सोफ्याच्या अंतरावर कान द्या. अतिसंवेदनशील स्पीकर रिसीव्हरची सूक्ष्म खरखरही दाखवतात. एक फुटावर ऐकू आली तर दुर्लक्ष करा, सोफ्यावर आली तर रिसीव्हर बघा. 'हूंऽऽ' असा घुमणारा आवाज येत असेल तर सेट टॉप बॉक्सची केबल उपटून बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

## ७. बसवणं

खोका शेल्फच्या कडेपर्यंत पुढे ओढा. समोरची बाजू कडेला टेकलेली किंवा बोटभर पुढे हवी. मागे सरकवून ठेवला की पुढची फळी आरशासारखी आवाज परतवते, आणि तुम्ही निवडलेल्या फैलावाची माती होते. मागे भोक असलेला स्पीकर बंद खणात कोंबू नका. पुरुषी आवाज बॅरलमधून आल्यासारखा होतो.

मग कलवा. सेंटरचा हॉर्न ४५ सेंमीवर, कान ९५ वर, अंतर ३ मीटर असेल तर तोंड साडेनऊ अंश वर हवं. ३० सेंमी खोल खोक्याची पुढची कड ५ सेंमी उचलली की तेवढं होतं. दाराला लावतात तसे दोन रबरी स्टॉपर पुरतात. हॉर्नला हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्याचा उभा फैलाव अनेकदा अरुंद असतो. साध्या स्पीकरला थोडं चुकलं तर चालतं, इथे गुडघ्यांना 'च' आणि 'श' ऐकू येतात आणि कानाला नाही.

तपासणी: खोक्याच्या दर्शनी भागावर, हॉर्नच्या बाजूला छोटा आरसा चिकटपट्टीने सपाट चिकटवा. सोफ्यावर बसून आरशात स्वतःचं तोंड दिसलं तर कल बरोबर. पोट दिसलं तर आणखी उचला.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची पुरेशी आहे. महागड्या वायरीचे पैसे गालिच्यात घाला. लाल-काळं मात्र दोन्ही टोकांना डोळ्यांनी तपासा. सेंटर उलटा जोडला गेला तर एकटा ऐकताना काहीच कळत नाही, बाजूच्या स्पीकरबरोबर वाजला की आवाज पातळ आणि भटका होतो. जुन्या जेबीएल ड्रायव्हरमध्ये लाल टोकाला धन दिलं की शंकू बाहेर न येता आत जायचा. जुनं-नवं मिसळत असाल तर हे ध्यानात असू द्या.

सावधान: एक टीव्हीच्या वर आणि एक खाली असे दोन सेंटर एकाच टोकाला जोडू नका. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ उरतात, काही वारंवारतांना त्याहून कमी. रिसीव्हर तापतो, आणि दोन ठिकाणांहून आलेले शब्द एकमेकांवर आदळतात ते वेगळंच.

## ८. रिसीव्हर, आणि हे सगळ्यात शेवटी

पंखा, एसी बंद. कुकरच्या शिट्टीच्या वेळी तर नकोच. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवला की तो गादीचा परतलेला आवाज मोजतो.

मोजणी झाली की आकडे स्वतः वाचा. रिसीव्हर चॅनेलची पातळी साधारण १० किंवा १२ डेसिबल वर-खाली करू शकतो. १०५ डेसिबलच्या जोडीला तो उणे १२ पर्यंत खाली ढकलतो आणि तिथेच अडकतो. आकडा टोकाला लागलेला दिसला तर समजा की जुळणी अपुरी आहे, जोडी अजूनही मोठी वाजतेय. मग बाकीचे चॅनेल हाताने वर आणा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप यापुरतं चालतं, कारण आपल्याला खरा आकडा नको, फक्त तिन्हीकडे सारखा हवा. टेस्ट टोन लावा, ॲपच्या सेटिंगमध्ये सी वेटिंग आणि मंद (स्लो) प्रतिसाद निवडा, मोबाइल एकाच जागी.

कधी कधी रिसीव्हर 'फेज चुकली', म्हणजे वायर उलटी जोडलीय, अशी तक्रार करतो. लाल-काळं पुन्हा बघा. बरोबर असेल तर पुढे जा. अनेक हॉर्न स्पीकरमध्ये एखादा ड्रायव्हर कंपनीनेच मुद्दाम उलटा जोडलेला असतो.

रिसीव्हरच्या मेनूत सेंटर 'स्मॉल' करा आणि ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरला, म्हणजे फक्त बासच्या वेगळ्या डब्याला द्या. लहान वूफर असतील तर १००. 'लार्ज' ठेवण्यात काही मोठेपणा नाही.

टोन-सुधारणेबाबत माझं मत थोडं कडक आहे. काही रिसीव्हरच्या ॲपमध्ये ती कुठपर्यंत लागू करायची ते ठरवता येतं. ५०० हर्ट्झपर्यंत ठेवून ऐका, मग पूर्ण लावून ऐका. खालचे गुंजन खोलीचे असतात, ते काढू द्या. वरचा फरक सुधारणेनेच भरून काढावा लागत असेल, तर सहाव्या पायरीत तुम्ही स्वतःची समजूत घातली होती.

तपासणी: संवादांसाठी सेंटर एक-दोन डेसिबल वर नेणं साहजिक आहे. तीनच्या वर न्यावा लागला तर रिमोट खाली ठेवा आणि सातव्या पायरीवर जा. कल किंवा खण, दोनपैकी एक चुकलेलं असतं.

## ९. आता सुतार

दोन आठवडे स्टुलावरच चालवा. परतीची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या, आणि मगच माप द्या.

खोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान ५ सेंमी मोकळी जागा सांगा. मागे भोक असेल तर पाठीची फळी नकोच. तळाची फळी १८ मिमीपेक्षा पातळ नको, आणि ती पुढच्या कडेला ५ सेंमी उंच अशी तिरकी करून मागा, म्हणजे स्टॉपर लागणार नाहीत. दार नको, लाकडी पट्ट्यांची जाळी नको, काच तर नाहीच. घरच्यांना झाकायचंच असेल तर स्पीकरच्या जाळीचं पातळ कापड चौकटीवर ताणून चुंबकाने लावता येतं. फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो. आणि मागे वायर बाहेर काढायचं भोक दोन बोटं जाईल एवढं ठेवायला सांगा, सुतार नेहमी एका बोटाचं पाडतात.

काम झालं की सेंटर खणात ठेवा, आरसा पुन्हा लावा, आणि चकलीची भाजणी पुन्हा ऐका. स्टुलावर होती तशीच वाजली पाहिजे. नाही वाजली, तर सुताराचे उरलेले पैसे द्यायच्या आधी त्याला सोफ्यावर बसवून ऐकवा.